जुन्या सीएनजी गाडीत ब्लूटूथ स्कॅनर: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड आणि सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा, हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घ्यावा का? गाडी जुनी असेल आणि आकडे बघत बसायचा कंटाळा नसेल, तर जरूर घ्या. नुसता कोड वाचून पुसायचा असेल, तर ते काम कोपऱ्यावरचा ऑटो इलेक्ट्रिशियनही करून देतो.

माझी गाडी २०१३ अखेरची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, सिक्वेन्शियल सीएनजी किट मागाहून बसवलेलं. साल मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष ओळखून सांगायची पद्धत) एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत स्टिअरिंगखाली तसंच सोळा पिनांचं सॉकेट दिसलं, तरी ती स्कॅनरला दाद देईलच असं नाही. आधी कुणाचा तरी मागून लावून बघा.

दुखणं असं होतं: पेट्रोलवर गाडी ठीक, सीएनजीवर चढाला झटके. खंबाटकीत तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की मिस मारायची (सिलिंडरमधलं इंधन पेटायचं चुकायचं) आणि चेक लाइट लुकलुकायचा. हा लुकलुकणारा दिवा नुसत्या पेटून राहिलेल्या दिव्यापेक्षा वाईट. न जळलेलं इंधन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो तापून निकामी होऊ शकतो. तेव्हा पाय उचलायचा, घाट जिंकायचा नाही. गॅरेजमध्ये बॉनेट उघडायच्या आधीच निकाल लागला होता: ‘किट गेलंय, रिड्यूसर बदला.’ (रिड्यूसर म्हणजे टाकीतल्या गॅसचा दाब उतरवणारा भाग.)

स्कॅनरने पी०३०३ दाखवला, म्हणजे मिस तिसऱ्या सिलिंडरमध्ये. मग तिसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी) पहिल्यावर लावली, पहिल्याची तिसऱ्यावर, कोड पुसला आणि पुन्हा घाट चढलो. आता कोड आला पी०३०१. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच. तो तिसऱ्यालाच चिकटून राहिला असता तर प्लग, इंजेक्टर, कंप्रेशन असं पुढे शोधावं लागलं असतं. सीएनजीचं मिश्रण पेटवायला ठिणगीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे कॉइल अशक्त झाली की आधी गॅसवर उघडी पडते आणि बोल किटला लागतो. नवी कॉइल घातली, प्लगही बदलले. झटके गेले, रिड्यूसर जुनाच आहे.

पण गाडीची ओढ काही परत आली नाही. कोडही नाही, दिवाही नाही. स्कॅनरचे पैसे खरे इथे वसूल झाले, कारण लाइव्ह डेटा. आधी फ्युएल ट्रिम पाहिला, म्हणजे मिश्रण बरोबर ठेवायला गाडीचा कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. कुठून तरी चोरटी हवा आत येत असेल तर तो आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) बराच अधिक असतो आणि रेस वाढवली की उतरतो. फिल्टर तुंबला किंवा पंप थकला असेल तर उलट, लोड येईल तसा चढत जातो. माझ्याकडे दोन्ही इंधनांवर पाच टक्क्यांच्या आत. म्हणजे हवा आणि इंधन दोन्ही संशयातून सुटले. मग मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला दाब मोजणारा. इंजिन गरम, एसी बंद, आयडलला धडधाकट इंजिन साधारण ३० ते ३५ किलोपास्कल दाखवतं. माझं ४५च्या आसपास. इंजिन हवा नीट ओढूनच घेत नव्हतं.

स्कॅनरची मजल इथवरच. कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, त्याला दिसत नाही, त्यासाठी प्लग काढून गेजच लावावा लागतो. तीन सिलिंडर १७०च्या घरात, एक १२५ पीएसआय. ‘इंजिन खोलावं लागेल’ हे वाक्य लगेच कानावर आलंच. मी आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग, त्यांच्यात थोडी फट ठेवावी लागते) बघायला लावले. त्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या फटीत फिलर गेजचं पातळ पातंसुद्धा जाईना. सीएनजी कोरडा वायू. त्यावर व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटची फट मिटते. मग गरम झाल्यावर तो पुरता बंदच होत नाही. फार दिवस तसंच चालवलं तर जळतो. माझा वाचला. टॅपेट सेट केले, कंप्रेशन बाकीच्यांच्या जवळ आलं, मॅप ३५वर उतरला, घाटात पुन्हा दम आला. तेलाच्या दाबाने फट आपोआप सांभाळणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटवाल्यांना ही कटकट नाही. बाकी सीएनजीवाल्यांनी सर्व्हिसला फट मोजायला सांगाच.

आता स्कॅनरच्या तक्रारी. माझ्या गाडीत आकडे फार सावकाश बदलतात, क्षणभराचा झटका त्यात निसटतो. बाजारातल्या स्कॅनरमध्ये असतात त्या बहुतेक ईएलएम३२७ या गाडीशी बोलणाऱ्या चिपच्या नकला. मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, तरी ‘अस्सल १.५’ म्हणून विकतात. गंमत म्हणजे २.१ लिहिलेल्या कित्येक नकला त्याहून अधू असतात. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथवाला घेऊ नये, जुळत नाही. वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा घ्यावा. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. दोष आला त्या क्षणीचा आरपीएम, लोड, तापमान सगळं त्यात असतं आणि कोडबरोबर तेही पुसलं जातं. गाडी बंद असली तरी सॉकेटला बॅटरीचा करंट चालूच असतो, तेव्हा गाडी उभी राहणार असेल तर स्कॅनर काढून ठेवा.