नव्या प्लास्टरवरचा अल्कली-रोधक प्रायमर : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

हा अनुभव लिहायला बसण्याचे कारण म्हणजे आमच्या हॉलच्या गडद निळ्या भिंतीवर उमटलेले फिकट पट्टे. स्विचबोर्डापासून सरळ वर जाणारा आणि छताखाली काटकोनात वळून एसीच्या पॉइंटपर्यंत पोहोचणारा चार बोटे रुंद पट्टा पाहिला, की भिंतीतून वायरिंग कुठून गेले आहे हे इलेक्ट्रिशियनला न विचारता कळते. साध्या सिमेंट प्रायमरच्या जवळजवळ दुप्पट पैसे मोजल्यावर हे फुकटचे ज्ञान मला नको होते.

घर चिपळूणजवळ, भिंती जांभ्या चिऱ्याच्या, आतून सिमेंट-वाळूचा गिलावा आणि त्यावर नीरू. ज्याने नव्या भिंतीवर घाईने ऑइल पेंट मारून तो चिकट होऊन सुटताना पाहिला आहे, त्याला अल्कली-रोधक प्रायमर कशासाठी घ्यायचा हे सांगायला नको. सिमेंट मुरताना चुना सुटत राहतो, ताज्या प्लास्टरचा पीएच १२-१३ च्या घरात असतो, आणि ओल बाहेर येताना हा क्षार, म्हणजेच अल्कली, सोबत आणते. तो तेलाच्या रंगाचा अक्षरशः साबण करतो आणि काही रंगद्रव्यांची छटाही उडवतो. शिवाय आमच्याकडे नीरूच्या रूपाने वर चुन्याचाच हात फिरवलेला होता. त्यामुळे गवंड्याने पाणी मारणे थांबवल्यानंतर भिंती चांगल्या महिनाभर उघड्या ठेवल्या, दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर भिंतीवर ठेवला, आणि त्याच्या आत पाण्याचा थेंब दिसला नाही तेव्हाच रंगाऱ्याला बोलावले. नीरूचा गुळगुळीत थर पॉलिश पेपरने खरवडून घेणे, धूळ आधी ब्रशने आणि मग ओल्या फडक्याने पुसणे, प्रायमर, पुट्टीचे दोन हात, पुन्हा घासकाम आणि पुन्हा प्रायमर, असा क्रम ठरला. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीखाली प्रायमर लागत नाही, असे रंगाऱ्याचे म्हणणे होते आणि ते चूकही नव्हते. परंतु आम्ही अॅक्रिलिक पुट्टी वापरणार होतो आणि तिला खालून प्रायमर हवा असतो.

आता या प्रायमरचा जो दोष मला सर्वांत जास्त खटकला तो सांगतो, आणि तो वाचून काही जण हसतील. हा प्रायमर पांढरा आहे. पुट्टी पांढरी, प्रायमर पांढरा, आणि तो वाळल्यावर भिंतीचा कुठला भाग लागला, कुठला राहिला आणि कुठे पाणी जास्त झाले, हे डोळ्यांना दिसण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. साध्या प्रायमरमध्ये जवळजवळ तेवढेच पाणी घालण्याची सवय असलेला रंगारी याही प्रायमरमध्ये सढळ हाताने पाणी ओततो, आणि पातळ हात बरोबर दाट हातासारखाच दिसतो. मी संध्याकाळी भिंतीला लागून टॉर्च तिरपा धरून राहिलेल्या जागा शोधत असे. कारखान्यात किंचित गुलाबी किंवा करडी झाक दिली असती तर हा खटाटोप वाचला असता. रंगाऱ्यासाठी बादलीत बक्षिसाचे टोकन टाकायला कंपनीकडे पैसे आहेत, थेंबभर रंगासाठी मात्र नाहीत.

पट्टे दिसल्यावर केलेल्या तक्रारीची कथा अशी, की कंपनीचा माणूस आला, त्याने ओलावा मोजण्याचे यंत्र लावले, आणि इतर भिंत कोरडी असून पट्ट्यांची जागा ओली आहे, म्हणून दोष प्रायमरचा नाही, असे सांगून तो निघू लागला. त्याचे मोजमाप मला मान्य आहे. एसी आणि इन्व्हर्टरच्या झिऱ्या, म्हणजे वायरसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा, इलेक्ट्रिशियनने सर्वांत शेवटी मारल्या, गवंड्याने त्या सिमेंटने बुजवल्या आणि रंगाऱ्याने आठवड्याच्या आत त्यांवर प्रायमर फिरवला. मी पट्ट्यावरचा रंग आणि पुट्टी नखाएवढी खरवडून आतल्या सिमेंटवर क्षाराने लाल होणारे हळदीचे पाणी लावले, तर ते तत्काळ कुंकवासारखे लाल झाले. शेजारच्या जुन्या प्लास्टरवर ते जेमतेम तांबूस झाले. माझा आक्षेप वेगळा आहे. बादलीच्या दर्शनी बाजूला ‘नव्या प्लास्टरसाठी’ हे शब्द तळहाताएवढे छापलेले आहेत आणि प्लास्टर २८ दिवस मुरलेले असावे ही अट मागच्या बाजूला, कडीखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आहे. मुरलेलेच प्लास्टर हवे असेल तर त्याला नवे का म्हणावे, या प्रश्नावर त्या गृहस्थांनी वरिष्ठांशी बोलून कळवतो असे उत्तर दिले.

रागाच्या भरात एक तारा देण्याचे मी ठरवले होते. परंतु पावसाळा संपल्यावर सर्व भिंती दिवसाच्या उजेडात पाहिल्या आणि मत बदलावे लागले. पश्चिमेची भिंत, जिच्यावर चार महिने पावसाचा मारा झाला, ती आतून स्वच्छ आहे. कुठे पोपडा नाही, हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागत नाही. शेजाऱ्यांनी त्याच गवंड्याकडून त्याच वाळूत प्लास्टर करून घेतले आणि साधा प्रायमर पातळ करून मारला, त्यांच्या खोलीत जमिनीपासून गुडघ्यापर्यंत खार फुटला आहे. त्यांच्या घराच्या पायातली ओल जास्त असू शकते, त्यामुळे ही तुलना काटेकोर नव्हे, हे मान्य करतो. एवढे मात्र दिसते, की कोरड्या भिंतीवर हा प्रायमर चुन्याला अडवतो आणि आतली उरलीसुरली वाफ बाहेर जाऊ देतो. तेलाच्या प्रायमरने कोंडली असती तर फोड आले असते. मागून पाणी येत असेल तर ते मात्र याच्याने थांबणार नाही, ते काम वॉटरप्रूफिंगचे आहे.

म्हणून साडेतीन तारे. अर्धा तारा त्या पांढरेपणासाठी आणि एक बादलीवरच्या अक्षरांसाठी कापला आहे. कंपनीने आता चार लिटरचा डबा फुकट देऊ केला आहे, पण मजुरी देणार नाही म्हणते. आणि पट्टे खरवडून पुट्टी, प्रायमर आणि संपूर्ण भिंतीला निळ्याचे दोन हात देण्याची मजुरी त्या डब्याच्या किमतीच्या कितीतरी पट होते. डबा मी ठेवून घेतला आहे, तक्रार मागे घेतलेली नाही, आणि झिऱ्यांवर रंगारी दिवाळीनंतर, प्लास्टिकचा कागद पुन्हा लावून पाहिल्यावरच, हात लावेल.