घरसामानाचा अंदाज: व्हिडिओ सर्व्हे की स्वतःची मोजपट्टी?

पुण्याहून मेलबर्नला बिऱ्हाड हलवताना मी आधी व्हिडिओ सर्व्हे (सामान हलवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हेअरने व्हिडिओ कॉलवर सामान पाहून बांधलेला जागेचा अंदाज) करून घेतला आणि त्याने समाधान न झाल्यामुळे नंतर मोजपट्टी व वजनकाटा घेऊन स्वतः मोजणी केली. शेअर्ड कंटेनरने, म्हणजे इतरांच्या सामानासोबत एकाच कंटेनरमधून, सामान पाठवणाऱ्यांना दोन्हींचा अनुभव उपयोगी पडावा.

सर्व्हे अर्ध्या तासात उरकतो आणि अवजड फर्निचर भरपूर असेल तर सर्व्हेअरची सरावलेली नजर आपल्याला येणार नाही, हे मान्य करायला हवे. माझी अडचण वेगळी होती. हाती पडला तो एकच आकडा, साडेसहा सीबीएम (घनमीटर). दिवाण नेला नाही तर त्यातले किती कमी होईल, असे विचारल्यावर उत्तर आले, "पॅकिंग झाल्यावर बघू." काय न्यायचे आणि काय इथेच ठेवायचे हा निर्णय तर पॅकिंगच्या आधीच घ्यावा लागतो, आणि नेमक्या त्याच कामी तो आकडा येईना.

स्वतःच्या मोजणीत दोन शनिवार-रविवार गेले, पण वस्तुगणिक हिशेब हाती आला. पुस्तकांचे 40×30×30 सेंमीचे खोके वीसेक किलो भरते, जागा मात्र 0.036 घनमीटरच घेते. सागरी दर साधारणपणे एक घनमीटर किंवा एक टन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागत असल्याने तिथे पुस्तकांचे वजन जाचत नाही. हवाई मार्गाने घनसेंटिमीटरांना 6000 ने भागून येणारे वजन आणि प्रत्यक्ष वजन यांतले जास्त ते धरतात. तिथे पुस्तके वजनामुळे महाग पडतात, तर गाद्या-उशा आकारामुळे.

या पद्धतीत माझी एक चूक झाली. वेताची खुर्ची मी उघडीच मोजली: 70×65×90, म्हणजे 0.41 घनमीटर. बबल रॅप आणि कोरुगेटेड पुठ्ठा चढल्यावर प्रत्येक बाजूला चार सेंमी वाढले आणि तीच खुर्ची 0.56 घनमीटरची झाली. त्यामुळे फर्निचरच्या प्रत्येक मापात आठ सेंमी आधीच मिळवलेले बरे.

घरभर फर्निचर न्यायचे असेल तर कदाचित सर्व्हेच सोयीचा ठरेल. पुस्तके, भांडी, अंथरुणे असे खोक्यांत मावणारे सामान असेल तर मी पुन्हा मोजपट्टीच घेईन. पॅकिंग धरून दिवाण 0.87 घनमीटर भरला. तेवढ्या जागेत पुस्तकांची चोवीस खोकी बसतात हे दिसल्यावर तो त्याच संध्याकाळी बहिणीकडे पोहोचवला.