कड्यांपासून नवी केलेली लाकडी जमीन: पावसाळा आणि हिवाळा काढल्यावर

तळमजल्यावरच्या खोलीची लाकडी जमीन फळ्यांसकट, कड्यांसकट (म्हणजे फळ्या पेलणाऱ्या खालच्या आडव्या वाशांसकट) नवी करून घेतली. काम झालं तेव्हा येणारा-जाणारा फळ्यांचं कौतुक करायचा. इतके महिने वापरल्यावर मला विचाराल तर खर्चातली सगळ्यात कमी महत्त्वाची बाब फळ्याच.

जुनी जमीन चालताना झुलायची, कपाटातले पेले किणकिणायचे. फळ्या उचलल्या तर कड्या मधोमध ठणठणीत. सगळी सड भिंतीत रुतलेल्या टोकांना. पेचकस टोचला तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड बारीक चौकोनी तुकड्यांत तडकलेलं, चिमटीत धरलं की भुगा. कारण बाहेर होतं. भर घालून घालून अंगण वर आलं होतं आणि जमिनीखालच्या पोकळीचे झरोके मातीत बुजले होते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर रेंगाळला की बुरशीला रान मोकळं. झरोके तसेच ठेवून नव्या कड्या टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

म्हणून आधी माती उपसली आणि समोरासमोरच्या भिंतींतले झरोके मोकळे केले. मधल्या आधारभिंतीतही भोकं ठेवायला लावली, नाहीतर हवा तिथेच अडते. नव्या कड्या भिंतीत न खुपसता लोखंडी हँगरवर, म्हणजे कडीचं टोक धरणाऱ्या खोबणीत, बसवल्या. लाकूड प्रक्रिया केलेलं असलं तरी औषध गाभ्यापर्यंत पोचलेलंच असतं असं नाही. कापलेल्या प्रत्येक टोकाला औषधाचा पुन्हा हात मारून घ्या. सुतार कुरकुरतो, कुरकुरू द्या. कड्यांमध्ये ४०० मिमी अंतर आणि मध्यावर आडवे ठोकळे घट्ट बसवलेत. झुलणं थांबलं ते या ठोकळ्यांमुळे, आणि पेलेही गप्प झाले.

कड्यांच्या मधे जाळीवर रॉकवूल (थंडी अडवणारी दगडी लोकर) भरलं. हिवाळ्यात पायांना फरक लगेच कळतो. फक्त खालून प्लास्टिक लावू नका, ओल कोंडते.

आता तक्रारी. दारापाशी कारागिरांनी स्क्रूऐवजी खिळे मारले होते. तिथे फळी खिळ्यावर घासून करकरायला लागली. स्क्रू मारल्यावर बरीच गप्प झाली, एक जागा अजून बोलते. कोरड्या हवेत फळ्यांच्या सांध्यांत पोस्टकार्ड सरकेल एवढ्या फटी पडल्या. लांबी (पुट्टी) भरायचा मोह होतो, पण दमट हवेत फळ्या फुगल्या की ती उखडून वर येते. भिंतीकडेने सोडलेली १० मिमी जागा पावसाळ्यात कामी आली, स्कर्टिंगखाली असल्याने दिसतही नाही.

कोपऱ्यात एक उचलायची झडप मात्र हट्टाने करून घ्या. ऐन पावसाळ्यात ती उघडून मी कडीला मॉइश्चर मीटर लावला, १७ टक्के आलं. पॉलिश दारापाशी आत्ताच उडालंय, तिथे पुन्हा एक हात द्यावा लागेल.