फॉर्म आणि स्पीड रेटिंगवर घोडे काढून बघितले, पुणे-मुंबई दोन्ही सीझननंतरचा अनुभव

आमच्या खान्देशात घोडा म्हटलं की सारंगखेड्याची जत्रा, तिथं चाल बघतात, भोवरे बघतात, रंग बघतात आणि भाव करतात. रेसचा थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदास केलेली जात) वेगळंच प्रकरण आहे भो, त्याचा निम्मा घोडा तर कागदावरच असतो. मी जळगावात बसून पुण्याचा पावसाळी सीझन आणि नंतर मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा हिवाळी असे दोन्ही रेटिंग लावून काढले, बरंचसं नुसतं एक्सेलमध्ये, पुण्याला कामानिमित्त गेलो तरच काय ती टोटवर (रेसकोर्सच्या बेटिंग काउंटरवर) छोटी बेट.

नवीन लोक दोन रेटिंगची गल्लत करतात म्हणून सांगतो. रेसबुकात असतं ते हँडिकॅपरचं, म्हणजे वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं रेटिंग, त्यावर वजन ठरतं, एका पॉइंटला अर्धा किलो, म्हणजे ६० वाला ४० वाल्यापेक्षा दहा किलो जास्त घेऊन पळणार. स्पीड रेटिंग आपण टायमिंगवरून काढायचं. त्या अंतराला नेहमीचा वेळ किती, घोडा विनरच्या मागे किती लेंग्थ होता (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी, सेकंदाला साधारण पाच-सहा धरा), पाठीवर वजन किती, आणि त्या दिवशी ट्रॅक कसा होता. अमेरिकेतले बायरचे आकडे, इंग्लंडचं टाइमफॉर्म, सगळ्यांचं मूळ हेच.

आता खरी डोकेदुखी म्हणजे हा शेवटचा ट्रॅकचा भाग. पुण्यात सकाळी पेनेट्रोमीटरचं (ट्रॅक किती मऊ ते मोजणारं यंत्र) रीडिंग येतं, दुपारी दोन सरी पडल्या की चौथ्या रेसला ट्रॅक दुसराच, वर फॉल्स रेल (आतल्या कडेला तात्पुरतं कुंपण) लावलेले असले तर तेही धरायचं. १२०० मीटर एरवी एक मिनिट दहाच्या आसपास जाणारे घोडे चिखलात दोन-तीन सेकंद सहज जास्त घेतात आणि आपलं शीट म्हणतं सगळेच घोडे बिघडले! म्हणून मी नंतर एका दिवसाच्या सगळ्या रेस आधी एकमेकींशी ताडून बघायला लागलो, कुठल्या क्लासने (रेटिंगनुसार पाडलेला घोड्यांचा गट) किती वेळ घेतला ते, आणि मगच आकडा टाकायचा. मी एक पेड शीटपण (विकत मिळणारी तयार रेटिंग) घेतलं होतं, नाव घेत नाही, त्यात गोइंगचा, म्हणजे ट्रॅक ओला का कोरडा याचा कॉलमच नाही. पावसाळ्यात ते रद्दीच.

महालक्ष्मीला मात्र मजा आली. डिसेंबरनंतर ट्रॅक कोरडा आणि बऱ्यापैकी सारखा, तिथं १०००-१२०० च्या स्प्रिंटला रेटिंग छान चालतं. लांब रेसला नाही. सहा-सात घोडे, कोणीच पुढं निघायला तयार नाही, बोगस पेस, म्हणजे सगळे रमतगमत, आणि शेवटच्या ४०० मीटरला सगळे सुटतात, अशा रेसमधून चांगल्या घोड्याचाही आकडा भिकार येतो. डर्बी, म्हणजे सीझनची मोठी रेस, २४०० ची, तिथं येणाऱ्या बहुतेकांचा तेवढ्या अंतराचा रेकॉर्ड नसल्यातच जमा, मग मैलाच्या आकड्यावरून काय सांगणार.

माझ्या मते रेटिंगचा खरा उपयोग विनर शोधायला नाही, घोडे कापायला आहे. क्लास थ्रीत बारा घोडे असले तर पाच-सहा डोळे झाकून उडवता येतात. उरलेल्यांत मग ट्रॅकवर्क, म्हणजे सकाळचा सराव बघायचा. ६०० मीटर ३८ सेकंदात, पण प्रेस्ड (जोर लावून) का इझी (आरामात) हे महत्त्वाचं, जॉकी कोण बसतोय, आणि मागच्या वेळी जिंकून क्लास वर गेलाय का. फर्स्ट टायमर, म्हणजे पहिल्यांदाच पळणारे असले की आकडाच नाही, ती रेस मी सरळ सोडतो.

पैशाचं विचाराल तर, टॉप आकड्याचा घोडा बहुतेक वेळा फेव्हरिटच (ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत तो) असतो, सगळ्यांनी तेच गणित केलेलं असतं. रावेरला केळीचा बोर्डाचा भाव एक आणि बागेत कटाईला हातात पडतो तो वेगळा, तसं रेटिंग आणि डिव्हिडंडचं (जिंकल्यावर मिळणारे पैसे) आहे. जगभर फेव्हरिट तीनात एकदाच्या आसपास जिंकतो, त्यात टोट आपला वाटा काढणार, आणि जीएसटी २८ चा सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झालाय. घोडा बरोबर निघाला तरी हातात फार काही उरत नाही. घरी सांगून बघितलं की १९९६ ला सुप्रीम कोर्टाने रेस हा कौशल्याचा खेळ ठरवलाय, तर बायको म्हणे मग ते कौशल्य कापसाच्या हिशोबात दाखवा.

जुलैत पुणे चालू झालं की पेड शीट बंद, माझं एक्सेल चालू, फक्त स्प्रिंट आणि तेही पाऊस नसेल त्या दिवशीच. लांब रेस नुसत्या बघायला.