डिफ्युजन पंप की टर्बो? पंप उघडणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर

चेंबरमधली हवा काढून तो निर्वात करणाऱ्या डिफ्युजन किंवा टर्बो पंपाचं कोटेशन मागवलं की दोन्हीकडचे विक्रेते तेच आकडे पुढे करतात: सेकंदाला किती लिटर, शेवटचा दाब किती, किंमत किती. दोन-चार वर्षांनी तो पंप उघडणार कोण, आणि उघडताना त्याच्या हातांना, डोळ्यांना, फुप्फुसांना काय होऊ शकतं, याचा रकाना कोटेशनमध्ये नसतो. भोसरी, चाकण किंवा वसईच्या गाळ्यात पीव्हीडी कोटिंग (निर्वातात वाफेपासून पातळ थर चढवणं) नाहीतर मेटलायझिंग (धातूचा मुलामा) करणाऱ्याने माझ्या मते आधी तोच रकाना भरावा. म्हणून पुढची तुलना देखभालीच्या बाजूने केली आहे. दोन्ही पंपांच्या मागे त्यांनी ढकललेली हवा बाहेर फेकणारा बॅकिंग पंप, बहुधा रोटरी, लागतोच, त्यामुळे त्याचा हिशेब इथे धरलेला नाही.

डिफ्युजन पंपाची मोठी शेखी अशी की त्यात फिरणारा एकही भाग नाही. तळाशी हीटर तेल उकळतो, वाफ जेटमधून खालच्या दिशेने सुटते, वाटेत सापडलेले हवेचे रेणू रोटरीकडे ढकलते आणि गार भिंतीवर थंड होऊन परत बॉयलरमध्ये उतरते. तत्त्व शंभर वर्षांहून जुनं आहे, पंप स्वस्त आहे आणि गाळ्यातला कोणताही बरा फिटर तो खोलून जोडू शकतो. ‘त्यात बिघडण्यासारखं आहेच काय’ हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल. बिघडत नाही हे खरं, पण दुखापत करू शकतो.

चालू पंपाच्या बॉयलरमध्ये साधारण 200 अंश तापलेलं तेल असतं. त्यावर हवा आली, म्हणजे कोणी घाईत चुकीचा व्हॉल्व्ह उघडला किंवा बॅकिंगची, म्हणजे रोटरीकडे जाणारी नळी फाटली, तर साधं हायड्रोकार्बन तेल जळतं, करपतं आणि वाईट वेळ असेल तर आतल्या आत स्फोट होतो. वरचा, पंप आणि चेंबरमधला हाय-व्हॅक व्हॉल्व्ह आणि खालची बॅकिंग लाइन दोन्ही बंद असतील तर त्या दाबाला बाहेर पडायला वाटच राहत नाही. 704 किंवा 705 जातीचं सिलिकॉन तेल हवेला बरंच जास्त सोसतं. मेटलायझिंगवाले पैसे वाचवायला हायड्रोकार्बन तेल भरतात, तिथे तरी हात आखडता घेऊ नये. सिलिकॉनला एक खोड आहे: त्याची वाफ चेंबरमध्ये उलटी चढली की प्लाझ्मात तिचा वीज न वाहणारा थर बनतो आणि टार्गेटवर, म्हणजे ज्या धातूपासून थर बनतो त्यावर, ठिणग्या उडू लागतात (आर्किंग). त्यासाठी वर वाफ अडवणारा बॅफल बसवावा लागतो आणि बॅफल पंपाची जवळजवळ अर्धी ओढ खातो. दहा इंची पंपाची चार हजार लिटर ओढ पाहून हुरळणाऱ्याने हे आधी वजा करावं.

खरी परीक्षा साफसफाईच्या दिवशी असते. हाय-व्हॅक व्हॉल्व्ह बंद, हीटर बंद, पण रोटरी आणि पाणी दोन्ही चालू ठेवायचं. मोठा पंप गार व्हायला तास-दीड तास सहज लागतो. बॉयलर 50 अंशांच्या खाली आल्यावरच हवा, शक्य असेल तर नायट्रोजन, आत सोडायचा. हा तासभर कोणालाच परवडत नाही, सुपरवायझरला तर मुळीच नाही. जेट असेंब्ली वर ओढली की तळाशी डांबरासारखा काळा थर दिसतो. तो काढायला ॲसिटोन लागतं. धुऊन झाल्यावर जेटच्या टोप्यांखाली आणि आट्यांमध्ये ॲसिटोन लपून बसतं. वरून सगळं कोरडं दिसतं, तेल भरून हीटर लावतात, आणि ती उरलेली वाफ पेटायला तेवढं कारण पुरतं. म्हणूनच पंप बनवणाऱ्यांच्या पुस्तिका सॉल्व्हंटचा शेवटचा अंशही उडून गेल्याशिवाय पंप तापवू नका असं बजावतात. सुटे भाग रात्रभर हवेशीर जागी ठेवले तर हे काम होतं. पण ‘आज संध्याकाळच्या पाळीला मशीन पाहिजे’ असं वर म्हणणारं कोणीतरी असतंच.

टर्बोचं स्वरूप अगदी उलटं. तेलाचा उकळता हंडा नाही, पण पात्यांचा रोटर मिनिटाला 30 हजारांपासून 90 हजारांपर्यंत फेरे घेतो. पंप जितका लहान तितके फेरे जास्त. पात्यांची टोकं सेकंदाला काहीशे मीटरने धावतात. असा रोटर अडकला तर सगळी ऊर्जा एका क्षणात पंपाच्या अंगावर आणि त्याच्या बोल्टवर येते. त्यामुळे टर्बोचे बोल्ट किती, कोणत्या ग्रेडचे आणि किती टॉर्कने आवळायचे, हे कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं तसंच पाळायचं. चारऐवजी तीन क्लॅम्पवर भागवणं डिफ्युजनवर खपून जातं, इथे खपत नाही.

दुसरी गोष्ट सवयीची. स्विच बंद केला की टर्बो थांबला, असा समज जाता जात नाही. व्हेंट न करता, म्हणजे आत हवा न सोडता ठेवला तर मोठा रोटर कितीतरी मिनिटं फिरतच राहतो आणि तो फिरतोय तोवर त्याची मोटर जनित्रासारखी वीज बनवते. त्या काळात कंट्रोलरची केबल उपटणं म्हणजे जिवंत टोकं हातात घेणं. डिस्प्लेवर फेरे शून्य दिसेपर्यंत वाट पाहायची, कानावर विश्वास ठेवायचा नाही. शिटी केव्हाच ऐकू येईनाशी होते, रोटर मात्र फिरत असतो.

बाकी टर्बोच्या देखभालीत तुमच्या माणसाला करण्यासारखं फार थोडं असतं आणि मला तो गुणच वाटतो. बॉल बेअरिंगच्या पंपात वंगणाची गादी आणि बेअरिंग ठरावीक वर्षांनी बदलतात. बेअरिंगचं काम बहुतेक वेळा पंप कंपनीकडे पाठवूनच करावं लागतं. चुंबकी बेअरिंगवाल्यात तेही नाही, फक्त वीज गेल्यावर रोटरला झेलणारी जी आधाराची बेअरिंग असतात, त्यांचं आयुष्य मोजून मिळालेलं असतं. खर्च मात्र झोंबतो. मूळ किंमत कित्येक पट, आणि चेंबरमधून निखळलेला एखादा स्क्रू किंवा कोटिंगची खपली आत पडली तर पंप संपला. तोंडावर जाळी असायलाच हवी आणि शक्य तिथे पंप आडवा किंवा उलटा टांगावा.

आपल्याकडे वीज गेल्यावर काय होतं हे वेगळं पाहायला हवं. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते ती निदान कळवून जाते. मे महिन्यातलं वळीव कळवत नाही. डिफ्युजन चालू असताना वीज गेली की हीटर बंद होतो खरा, पण बॉयलर तापलेलाच असतो, रोटरी थांबलेली असते आणि पाण्याची मोटरही. बॅकिंग व्हॉल्व्ह आपोआप मिटणारा नसेल तर रोटरीचं तेल आणि हवा दोन्ही वर चढतात. तोडगा स्वस्त आहे: वीज जाताच मिटणारा व्हॉल्व्ह आणि छतावरच्या टाकीतून आपोआप उतरणारं पाणी. टाकीत बोअरचं जड पाणी भरलं तर मात्र कॉइलमध्ये क्षार धरतो आणि पाणी वाहतंय असं वाटत असतानाच पंप तापतो. फ्लो स्विच आणि बॉयलरवरचा थर्मोस्टॅट, दोन्ही हवेत. टर्बो मात्र वीज गेली तरी स्वतःच्या फिरण्यावर कंट्रोलर जागा ठेवतो आणि वेग उतरला की व्हेंट व्हॉल्व्ह उघडतो. इथे टर्बो निर्विवाद पुढे आहे.

पंप कोणताही घ्या, चेंबरचे धोके तेच राहतात आणि माणसं तिथेही दगावू शकतात. आरगॉन हवेपेक्षा जड असतो. व्हेंट केलेल्या उभ्या चेंबरच्या तळाशी तो साचून राहतो आणि आतल्या शील्डवर (भिंती झाकणाऱ्या पत्र्यांवर) चढलेला थर खरवडायला डोकं आत घालणाऱ्याला कसलाही वास किंवा गुदमरल्याची चाहूल लागत नाही. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही. त्यासाठी मीटर लागतो आणि तो टर्बोच्या जाळीपेक्षा फार महाग नाही. टायटॅनियमची बारीक धूळ साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये. ती पेटली तर पाणी मारू नये, धातूंच्या आगीचा अग्निशामक किंवा कोरडी वाळू जवळ ठेवावी. टार्गेटला हात लावण्याआधी पॉवर सप्लाय कोणी चालू करू नये म्हणून कुलूप-टॅग आणि उरलेली वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची हूक-काठी हवी; बायस सप्लायचे (जॉबला व्होल्टेज देणाऱ्या सप्लायचे) कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेले असतात. नायट्रोजनने व्हेंट करताना सेफ्टी व्हॉल्व्ह नसेल तर दार अंगावर येतं. 80 सेंटिमीटर व्यासाच्या दारावर निर्वात असताना बाहेरून पाच टनांचा दाब असतो, तोच उलट्या बाजूने थोडासा जरी चढला तरी पुरतो.

ऑक्सिजन प्लाझ्मा करणाऱ्यांनी खनिज तेलाची रोटरी वापरूच नये, पीएफपीई (ऑक्सिजनमध्ये न पेटणारं फ्लोरिनयुक्त) तेल लागतं. क्लोरिन-फ्लोरिनच्या वायूंनी एचिंग (पृष्ठभाग कोरण्याचं काम) करत असाल तर डिफ्युजनचा विचारच सोडा.

आता माझं मत. मोठ्या चेंबरमध्ये ॲल्युमिनियमचं मेटलायझिंग, जॉब प्लास्टिकचे आणि कचकच भरपूर असेल, आणि गाळ्यात पंप स्वतः खोलणारा अनुभवी माणूस असेल, तर डिफ्युजन घ्या. पण सिलिकॉन तेल, आपोआप मिटणारा बॅकिंग व्हॉल्व्ह, फ्लो स्विच आणि थर्मोस्टॅट या चार गोष्टी किंमतीत धरूनच. टूल कोटिंग, दोन पाळ्या आणि दर सहा महिन्यांनी बदलणारे ऑपरेटर असतील तर कर्ज काढून का होईना टर्बो. दहा इंची डिफ्युजनचा हीटर दिवसभर दोन-अडीच किलोवॅट खातो, मोठ्यांचे 10-12 किलोवॅट आणि त्याहूनही वर जातात, त्यामुळे टर्बोच्या जादा किमतीतला काही भाग बिलातून परत येतो. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या: बेअरिंगसाठी पंप पाठवला तर तेवढे आठवडे बदली पंप मिळेल का, आणि सर्व्हिसला येणारा माणूस चेंबर व पंपाचा विषारी वायूंशी आलेला संबंध नोंदवणारा फॉर्म मागतो का. जो मागत नाही, त्याच्याकडून पंप घेऊ नका.