कादंबरीच्या खर्ड्याच्या प्रती काढायला उत्तम दुकान (अप्पा बळवंत चौक, पुणे)

कादंबरीचा खर्डा पहिल्या वाचकांना द्यायचा असेल तर नुसती पीडीएफ पाठवून मोकळे होऊ नका. चौकाजवळच्या या झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्या. पेनड्राइव्ह लावल्या लावल्या काकांनी विचारलं, "यावर कुणी खुणा करणार आहे का?" हो म्हटल्यावर त्यांनीच उजवीकडे दोन इंच समास सोडला, ए-४ कागदावर एकाच बाजूला छापलं आणि वर्डमधून प्रत्येक ओळीला क्रमांक देऊन दिला. जोडाक्षरं कुठेही फुटली नाहीत. स्पायरल बाइंडिंग इतकं मोकळं की प्रत टेबलावर सपाट उघडी राहते.

त्या समासाची किंमत प्रती परत आल्यावर कळते. तिघांचीही पेन्सिल पान ११२ वर, मावशीच्या प्रसंगापाशी थांबली होती. एकाचं म्हणणं, मावशीला काढूनच टाक. दुसरीचं, तिला अजून एक प्रकरण दे. तिसऱ्यानं नुसतं प्रश्नचिन्ह काढलेलं. उपाय कुणाचाच घेतला नाही, पण अडखळायची जागा एकच होती ना! मावशी आता तिसऱ्या प्रकरणातच येते आणि पुढचा प्रसंग आपसूक उभा राहतो. फोनवरच्या "छान आहे, जरा लांबलंय" यातून हे कधीच हाती लागलं नसतं.

दर आसपासच्या दुकानांपेक्षा थोडे चढे आहेत, पण द्यावेत. कॉलेजच्या प्रोजेक्टच्या दिवसांत सकाळीच जा, आणि प्रत्येक प्रतीला वेगळ्या रंगाचं कव्हर मागून घ्या.