सात महिने व्हिटॅमिन सी सीरम लावल्यावर

रोज स्कूटीवरून जाऊन-येऊन तासभर ऊन लागतं. हनुवटीवर मुरुमांचे जुने काळे डाग होते आणि दोन्ही गालांवर वांग. त्यासाठी हे सीरम सुरू केलं.

पहिली बाटली वाया गेली, तेच आधी सांगते. ती बाथरूमच्या फळीवर, गीझरच्या वाफेत आणि खिडकीच्या उन्हात ठेवली होती. आणली तेव्हा पाण्यासारखं नितळ असलेलं सीरम सव्वा महिन्यात कोऱ्या चहासारखं झालं. तरी मी रोज रात्री लावत राहिले. बोटांची टोकं नारिंगी, उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग! मग नीट वाचून काढलं. कापलेल्या सफरचंदाला लिंबू चोळलं की ते काळं पडत नाही, कारण लिंबातलं व्हिटॅमिन सी आधी स्वतः खर्ची पडतं. उन्हाने त्वचेत तयार होणाऱ्या फ्री रॅडिकल्सपुढे (पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर कणांपुढे) ते हेच करतं. पण हवा, उजेड, उष्णता लागली की ते बाटलीतच खर्ची पडतं. (लिंबात व्हिटॅमिन सी आहे म्हणून ते चेहऱ्यावर चोळू नका, त्वचा भाजते.)

दुसऱ्या वेळी लेबल वाचून घेतलं: १५ टक्के एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड (म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सी), सोबत व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक ॲसिड (वनस्पतींत असणारं अँटिऑक्सिडंट). सी आणि ई या जोडीला अर्धा टक्का फेरुलिक घातलं की मिश्रण जास्त टिकतं आणि उन्हापासूनचं संरक्षण साधारण दुप्पट होतं, हे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं. २० टक्क्यांच्या वर मात्र जाऊ नका; त्वचा त्याहून जास्त शोषत नाही, जळजळ तेवढी वाढते. त्वचेत मुरायला सीरमचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं जास्त आम्ल) साडेतीनच्या खाली लागतो, म्हणून १५ टक्केही मला नाकपुड्यांच्या कडेला आठवडाभर चांगलंच चरचरलं. एक दिवसाआड लावल्यावर थांबलं.

आता सकाळी, कोरड्या चेहऱ्यावर चार थेंब, वर सनस्क्रीन. सनस्क्रीन चुकवायचं नाही, सीरम त्याची जागा घेत नाही. या बाटलीच्या तिसऱ्या महिन्यात हनुवटीचे डाग फिके झाले, आज जवळून पाहिलं तरच दिसतात. चेहऱ्याचा रापलेपणा कमी झाला, हे आईने न विचारता सांगितलं. वांगाला मात्र जेमतेम फरक आहे, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांचे उपचार घेतेय. तुम्हालाही वांग असेल तर नुसत्या सीरमवर महिने घालवू नका.

बाटली हल्ली फ्रिजच्या दारात असते, उघडल्याची तारीख मार्करने लिहून. १५ मिलीचीच घेते, म्हणजे रंग बदलायच्या आत संपते.